मुलांना योग शिकवताय? या चुका टाळा

जून उजाडला की नाशिकमध्ये सोसायट्यांच्या गच्चीवर, शाळांच्या पटांगणात मुलांचे योगवर्ग सुरू होतात. २१ जूनच्या कार्यक्रमासाठी घाईघाईत उभ्या केलेल्या या वर्गांत दरवर्षी त्याच त्या चुका दिसतात.

सगळ्यात वाईट म्हणजे मोठ्यांचा प्राणायाम मुलांच्या गळ्यात मारणं. एका शाळेत सराव बघायला गेले होते. पाहुणे शिक्षक माइकवरून तिसरीच्या मुलांकडून कपालभाती, म्हणजे पोटाला झटके देत भराभर श्वास बाहेर टाकणं, करून घेत होते, "अजून जोरात, अजून!" पोट कसं हलवायचं हेच मुलांना कळलं नव्हतं, ती नुसती धापा टाकत होती. मधल्या रांगेतली एक मुलगी पांढरीफटक पडली, "बोटांना मुंग्या आल्यात" म्हणत रडू लागली. असा भराभर श्वास चालला की रक्तातला कार्बन डायऑक्साइड कमी होतो, मेंदूच्या रक्तवाहिन्या आकसतात आणि चक्कर येते. तिला सावलीत बसवलं, माझ्याबरोबर "म्म्म्" करत सावकाश श्वास सोडायला लावला. हळूहळू चेहऱ्यावर रंग आला. शिक्षक मात्र म्हणाले, "शुद्धी होतेय, सवय होईल." अशा उत्तराचा मला अजूनही संताप येतो. माझ्या वर्गात बारा वर्षांखालच्या मुलांना कपालभाती नाही, भस्त्रिका (भात्यासारखा जोरजोरात श्वास घेणं-सोडणं) नाही आणि श्वास रोखून धरणं तर अजिबात नाही. भ्रामरी द्या, म्हणजे भुंग्यासारखं गुणगुणत श्वास सोडणं. मुलांना आवाज काढायला आवडतं, आणि गुणगुणताना श्वास आपोआप लांबतो.

दुसरी चूक: "दीर्घ श्वास घ्या" एवढंच सांगून मोकळं होणं. हे ऐकल्यावर मूल काय करतं ते एकदा नीट बघा. खांदे कानापर्यंत जातात, पोट आत ओढलं जातं, गाल फुगतात. म्हणजे नेमकं उलटं. मी मुलांना पाठीवर झोपवते आणि प्रत्येकाच्या पोटावर कागदाची होडी ठेवते. होडी वर गेली, होडी खाली आली, एवढंच बघायचं. सुरुवात श्वास सोडण्यापासून करते, कारण पूर्ण सोडला की पुढचा आपसूक खोल येतो. मी आकडे मोजत नाही. लहान मुलांचा श्वास आपल्यापेक्षा जलद असतो, तुमच्या "एक-दोन-तीन-चार"मध्ये ती गुदमरतात. यात दोन-तीन आठवडे गेले तरी जाऊ द्या. पहिल्याच दिवशी अनुलोम-विलोम (एकेक नाकपुडी दाबून आळीपाळीने श्वास घेणं-सोडणं) हवं असणाऱ्या पालकांना मी स्पष्ट नाही म्हणते.

गोंधळ घालणाऱ्या मुलाला "डोळे मीट, ध्यानाला बस" म्हणून शिक्षा करू नका. त्याला ध्यानाचा कायमचा तिटकारा येतो.

रविवारी मिसळ खाऊन थेट वर्गात आणू नका, पोटभर खाल्ल्यावर निदान दोन-तीन तास जाऊ द्यात. फोटोसाठी शीर्षासन नकोच, कोवळ्या मानेवर भार कशाला? वाकत नाही म्हणून पाठ दाबू नका. गुळगुळीत फरशीवर मोजे काढायला लावा.

थंडीत आपल्याकडे निम्म्या वर्गाची नाकं चोंदलेली असतात. तेव्हा नाकपुडी दाबण्याचे प्रकार बंद, सगळ्यांना आधी नाक शिंकरून यायला सांगते. कुणाला दमा असेल तर पालकांना पहिल्याच दिवशी विचारून घ्या आणि त्याचा पंप दप्तरात नको, तुमच्या हाताशी ठेवा.