फ्लॉरेन्सला शिकायला निघालात? आधी ते गाव बघा

परदेशी शिकायला निघालेली कोल्हापूरची मुलं भेटली की पहिला प्रश्न फीचा असतो आणि दुसरा, "ताई, सुट्टीत कुठं कुठं जाता येतं?" माझं उत्तर ठरलेलं आहे. पॅरिस आणि स्वित्झर्लंड पळून जात नाहीत. पहिलं वर्ष ज्या गावात राहता ते गाव आणि तासा-दीड तासावरची गावं नीट बघा. मी फ्लॉरेन्सला मास्टर्स केलं, म्हणून तिथलंच सांगते.

आधी कागदपत्रं. इटलीत पोचल्यापासून कामाच्या 8 दिवसांत राहण्याच्या परवान्यासाठी, म्हणजे 'पेर्मेस्सो दि सोज्जोर्नो'साठी अर्ज करावा लागतो. अर्जाचं पाकीट पोस्टात मिळतं, त्यावर 16 युरोचा सरकारी मुद्रांक लावायचा आणि भरून पोस्टातच द्यायचं. मिळालेली पावती जिवापाड जपा. बोटांचे ठसे द्यायला पुढं पोलीस कचेरीत बोलावतात आणि कार्ड यायला काही महिने जातात. तोवर फक्त पावतीच्या भरवशावर शेजारच्या देशाचं तिकीट काढू नका, व्हिसाची मुदत तपासा. शिष्यवृत्तीसाठी घरच्या उत्पन्नाचे दाखले लागतात. त्यांचं अपोस्टिल (परदेशात कागद ग्राह्य धरला जावा म्हणून लागणारा सरकारी शिक्का) आणि भाषांतर इथूनच करून न्या, तिथं बसून तहसील कचेरीतला कागद मिळवणं फार अवघड जातं.

फ्लॉरेन्सच्या मध्यावर भाडं परवडत नाही. स्कांदिच्चीला ट्राम जाते, प्रातोला लोकल गाडी. अशा ठिकाणी खोली बघा. तसंही विद्यापीठाचे विभाग गावभर विखुरलेले आहेत, सायन्सवाल्यांना तर सेस्तो फिओरेन्तिनोलाच जावं लागतं. त्यामुळं आपला विभाग कुठं आहे ते आधी बघा, मग खोली.

जेवणाची काळजी आया जास्त करतात. कांदा-लसूण मसाला भरपूर न्या. तूप, पेढे, दुधाचं किंवा मटणाचं काहीही नेऊ नका, युरोपात प्रवाशाच्या सामानातून ते आणायला बंदी आहे. बेसन मात्र अजिबात न्यायची गरज नाही! 'फारिना दि चेची' नावाचं हरभऱ्याचं पीठ तिथल्या सुपरमार्केटात मिळतं. पिसाकडं त्याच पिठाची भट्टीत भाजलेली 'चेचिना' खातात, ती जरूर खा. आणि टस्कनीचा, म्हणजे फ्लॉरेन्स ज्या प्रांतात आहे तिथला, पाव बिनमिठाचा असतो. पहिल्या घासाला तो कसातरीच लागतो, पण झणझणीत पिठल्याबरोबर त्याच्यासारखं दुसरं काही नाही. भाजी सांत आंब्रोज्योच्या मंडईत सकाळी घ्या. थंडीचं जाकीट, भांडी, चादरी मंगळवारी कास्चिने बागेत भरणाऱ्या बाजारात मिळतात.

याच बागेच्या पार पश्चिम टोकाला जायचं आहे, आणि तेही पहिल्याच महिन्यात. कोल्हापूरचे छत्रपती राजाराम महाराज 1870 मध्ये इंग्लंडचा दौरा करून परतताना फ्लॉरेन्सला आजारी पडले आणि 30 नोव्हेंबरला तिथंच वारले. वय अवघं 20. तेव्हा फ्लॉरेन्स इटलीची राजधानी होती आणि दहनाची तिथं रीत नव्हती. खास परवानगी काढून आर्नो आणि मुन्योने या नद्यांच्या संगमावर त्यांचे अंत्यसंस्कार झाले. आज तिथं छत्रीखाली त्यांचा फेटा बांधलेला रंगीत अर्धपुतळा आहे. जवळचा मोठा पूलही 'इंदियानो' म्हणजे भारतीयाच्या नावानं ओळखला जातो. ट्रामच्या कास्चिने थांब्यावर उतरून नदीकाठानं बरंच चालावं लागतं. वाटेत सायकलवाले, धावणारी माणसं, कुत्र्यांना फिरवणारे आजोबा. पंचगंगेच्या घाटावर वाढलेल्या माणसाला तिथं काय वाटतं ते मला शब्दांत सांगता येत नाही. आपल्या शाळांमधून हे ठळकपणे शिकवायला हवं, असं मला मनापासून वाटतं. घराची आठवण अनावर झाली की मी तिकडंच जायचे.

आता फिरणं. तिथल्या बहुतेक परीक्षा जानेवारी-फेब्रुवारीत, जून-जुलैत आणि सप्टेंबरात होतात. गुण 30 पैकी, पास व्हायला 18. कित्येक पेपर तोंडी असतात आणि मनासारखे गुण पडले नाहीत तर ते नाकारून पुन्हा बसता येतं. म्हणून फिरायला खरा निवांत काळ ऑक्टोबर-नोव्हेंबर आणि मार्च-एप्रिल. तेव्हा वर्ग चालू असतात, पण परीक्षेचा ताण नसतो आणि शनिवार-रविवार मोकळे मिळतात. पिसा, लुक्का, आरेत्सो यांना साधी रिजनल गाडी जाते. कागदी तिकिटावर गाडीत बसण्याआधी फलाटावरच्या मशिनात तारीख-वेळेचा शिक्का मारून घ्या. हे राहिलं की दंड होतो, 'मला माहीत नव्हतं' हे कारण चालत नाही. या तिघांत माझी निवड लुक्का. गावाभोवतीचा तट साधारण 4 किलोमीटर अखंड आहे आणि त्यावरून झाडांच्या सावलीत चालता येतं.

फ्लॉरेन्समधली सरकारी संग्रहालयं महिन्याच्या पहिल्या रविवारी फुकट असतात, उफ्फिझी हे प्रसिद्ध चित्रसंग्रहालयसुद्धा. 25 वर्षांखालच्यांना मिळणारं 2 युरोचं तिकीट युरोपीय नागरिकांसाठी आहे, आपण त्यात बसत नाही, म्हणून हा रविवार सोडू नका. पहाटे रांगेत उभं राहा आणि एका दिवशी एकच संग्रहालय बघा. दोन केलीत तर दुसऱ्यात पायच दुखतात, चित्रं दिसत नाहीत.