पाळणाघराच्या अंगणातलं शिसं : या चुका टाळा

माती तपासायची म्हटलं की लोक अंगणाच्या मधोमध खड्डा घेतात, मूठभर माती लॅबला पाठवतात आणि रिपोर्ट आला की निर्धास्त होतात. हे बघून बघून मी विटलोय. शिसं सापडतं ते जुना रंग गळतो तिथे: भिंतीलगत, पागोळ्यांच्या रेघेत, गेटच्या बुडाशी.

जुन्या बंगल्यातल्या एका पाळणाघराचा रिपोर्ट असाच ‘ओके’ होता. मी खिडकीखाली उकिडवा बसलो, तर मातीत हिरव्या रंगाच्या नखाएवढ्या खपल्या, आणि त्यातच पोरींनी भातुकली मांडलेली. आदल्या दिवाळीत रंगाऱ्याने वरचे गज पॉलिश पेपरने कोरडेच घासले होते, खाली साधं प्लास्टिकही न अंथरता. तेवढ्या पट्ट्यातली माती वेगळी तपासली, तर आकडा मधल्या मातीच्या कित्येक पट.

तेव्हा भिंतीलगतची, झोपाळ्याखालची, रस्त्याकडची अशी प्रत्येक जागेची वेगळी पिशवी भरा. तीही वरच्या इंचभर मातीची. मुलांच्या हाताला लागते ती तीच. फूटभर खोलची मिसळली की आकडा उगाच खाली येतो. सगळं एकत्र कालवून एका चाचणीचे पैसे वाचवणाऱ्यांशी वाद घालणं मी सोडलंय.

‘पेट्रोलमधलं शिसं 2000 सालीच गेलं ना?’ गेलं. पण शिसं कुजत नाही, रस्त्याकडेला पडलं ते मातीतच आहे. घरगुती रंगांतल्या शिशाला 90 पीपीएमची (दहा लाख भागांत 90 भाग) मर्यादा लागली 2017 च्या नोव्हेंबरात. गजांवरचे खालचे थर त्याआधीचे.

मातीचा आकडा 350 पीपीएम आला म्हणून पेढे वाटू नका. अमेरिकेने घरांच्या मातीसाठीची 400 ची रेघ 2024 मध्ये 200 वर आणली, कॅलिफोर्निया तर 80 धरते.

उतावळे लोक मुलं आत असतानाच कोरडी माती उकरायला घेतात आणि धूळ थेट घरात. मी आधी तो पट्टा दोरी लावून बंद करतो, पाणी मारतो, मग जाड कापड घालून वर बाहेरून आणलेली, तपासून स्वच्छ ठरलेली माती आणि हिरवळ. फरशी टाकलीत तरी चालेल.

खराटा नको, ओलं फडकं. चपला दाराबाहेर. सॅनिटायझरने शिसं जात नाही, साबणाने हात धुवा.

मूल बागडतंय म्हणजे ठीक आहे, असं धरू नका. शंका असेल तर डॉक्टरांकडे रक्तातल्या शिशाची तपासणी स्वतःहून मागा. नेहमीच्या रक्त तपासणीत ती नसते.