मुलांसह तंबूतला मुक्काम : तयारीची यादी

दोन ते सात वर्षांच्या मुलांना घेऊन डिसेंबर-जानेवारीत भंडारदऱ्याला किंवा पवना धरणाच्या काठी तंबूत एक रात्र काढायची असेल, तर लग्नाआधी ट्रेकला जाताना आपण पाठीवरची सॅक कशी भरत होतो ते आधी विसरून जावे. तेव्हा वजन कमी करणे हीच हुशारी होती. एका जोडी कपड्यांत दोन दिवस निघत, जेवण रात्री दहाला झाले तरी कोणाचे काही अडत नसे, आणि थंडी वाजली तर उठून शेकोटीजवळ बसता येई. त्या सवयीने भरलेल्या सॅकमुळे आमची एक रात्र पुरती वाया गेली, म्हणून ही यादी लिहीत आहे. टॉर्च, पाण्याच्या बाटल्या, टोप्या, टूथब्रश ही नावे कोणीही सांगेल; त्यावर मी शब्द खर्च करत नाही.

सर्वांत आधी प्रत्येक मुलामागे एक जादा कोरडी गोधडी बाजूला काढावी, ती जाड प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून तोंड बांधावे आणि मगच बाकीचे सामान भरायला घ्यावे. घरी वर्षभर अंथरूण ओले न करणारे पाच वर्षांचे मूलही तंबूत ते करते, कारण थंडीत लघवी जास्त होते, झोपण्यापूर्वी गरम दूध किंवा सूप पोटात गेलेले असते आणि बाहेरच्या काळोखात जायला नको म्हणून ते निमूटपणे धरून ठेवते. स्लीपिंग बॅग एकदा भिजली की रात्रीत वाळत नाही. तंबूबाहेर दोरीवर टाकली तर दवाने आणखी जड होते, आणि रात्री दोन वाजता मोठ्यांच्या दोन जर्किनांत गुंडाळलेले मूल पहाटेपर्यंत कुडकुडत राहते. लहान शरीरातली ऊब मोठ्यांपेक्षा लवकर निघून जाते, त्यामुळे ‘एवढ्याने काय होते’ असे म्हणण्यात अर्थ नाही. ही गोधडी गाडीच्या डिकीत ठेवू नये, तंबूत पायथ्याशी ठेवावी. गाडी दोनशे पावलांवर, किल्ली कोणत्या खिशात ते आठवत नाही आणि मूल रडते आहे, अशा वेळी डिकीतली गोधडी असून नसल्यासारखीच. तिच्याबरोबर दोन जादा पायजमे, एक मेणकापड आणि झाकणाची लहान बादली असावी. बादलीला हसू नये.

थंडी वरून जितकी लागते त्याहून अधिक ती जमिनीतून चढते. म्हणून खाली कॅरीमॅट, तिच्यावर जाड सतरंजी आणि त्यावर मुलाचे अंथरूण असे थर करावेत. मोठी माणसे एका कॅरीमॅटवर निभावून नेतात, मुलांनी न्यावे अशी अपेक्षा धरू नये. कानटोपी आणि मोजे झोपतानाचे वेगळे ठेवावेत, कारण दिवसभर घातलेले मोजे संध्याकाळपर्यंत दमट झालेले असतात. तंबूची जाळीची झडप थोडी उघडी ठेवावी, नाहीतर श्वासांची वाफ आतल्या कापडावर जमून पहाटे थेंब टपकू लागतात, आणि पुन्हा तेच, ओले अंथरूण. ऊब हवी म्हणून शेगडी किंवा निखाऱ्यांची पाटी तंबूत नेणे हा प्रकार मात्र कोणी सुचवला तरी करू नये. जळत्या कोळशातून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो आणि झोपेत माणसाला त्याचा पत्ता लागत नाही.

जागा निवडताना मोठ्यांची आणि पालकांची नजर वेगळी असावी लागते. भंडारदऱ्याच्या आर्थर तलावाचे पाणी तंबूच्या दारातून दिसावे असे सर्वांना वाटते, आणि आयोजकही तंबू अगदी काठाशी लावून देतात. धरणाचे पाणी जसजसे उतरते तसतसा उघडा पडणारा काठ गाळाचा व निसरडा असतो आणि पुढे खोली एकदम वाढते. मुले बरोबर असतील तर तंबू मागे, उंचावर मागून घ्यावा. तेवढ्यावर न थांबता पाण्याकडे लक्ष ठेवण्याची पाळी नावानिशी लावावी, कारण सहा मोठी माणसे असली की प्रत्येकाला वाटते की दुसरा कोणीतरी बघतो आहे. तंबूच्या ताणाच्या दोऱ्यांना पांढऱ्या चिंध्या बांधाव्यात. अंधारात धावणारे मूल त्यांतच अडखळते.

ठिकाणी दुपारी चारपर्यंत पोहोचावे. डिसेंबरात सहाच्या सुमारास सूर्य मावळतो, आणि अंधारात तंबू उभारण्याची मौज मुले रडत नसतील तरच वाटते. तंबू स्वतःचा असेल तर तो आधी गच्चीवर एकदा उभारून मुलांना त्यात दुपारची झोप काढू द्यावी. चेन उघडायची कशी हे त्यांना तिथेच शिकवावे. मुंबईकडून भंडारदऱ्याला येताना कसाऱ्याचा घाट लागतो, तेव्हा गाडीत पिशव्या आणि कपड्यांचा एक जोड हाताशी असावा, आणि तो जोड रात्रीसाठी काढून ठेवलेल्या कपड्यांत मोजू नये.

जेवणाचे गावातल्या घरी सांगून ठेवले असेल तर पिठले-भाकरी उत्तम मिळते, पण मुलांचे बिनतिखटाचे आणि सातच्या आत हवे, हे आदल्या दिवशीच फोनवर सांगावे. तरीही मेतकूट, तूप आणि दशम्या बरोबर असू द्याव्यात. मऊ भात कुठेही मिळतो आणि मेतकूट-तूप घातले की मूल जेवते. पिण्याचे पाणी उकळलेले किंवा घरून आणलेले.

औषधांत तापाचे मुलाच्या वजनानुसार डॉक्टरांनी लिहून दिलेले औषध, ओआरएसची पाकिटे आणि मलमपट्टी पुरे. डासांसाठी कापराच्या वड्या नेण्याची आपल्याकडे पद्धत आहे. त्या मुलांच्या हाती लागणार नाहीत अशा ठेवाव्यात, कारण कापूर पोटात गेल्यास लहान मुलांना झटके येऊ शकतात. बूट रात्री तंबूच्या आत ठेवावेत आणि सकाळी झटकूनच पायात घालावेत. सह्याद्रीत विंचू आहेत, आणि लाल विंचवाचा दंश मोठ्यांपेक्षा मुलांना फार जड जातो. त्यावर प्राझोसिन हे औषध परिणामकारक ठरते, हे महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी दाखवून दिले. पण ते रुग्णालयात, डॉक्टरांच्या हातून द्यायचे असते, त्यामुळे आपले काम मुलाला वेळ न दवडता तिथवर पोहोचवणे एवढेच. सापाचेही तसेच. मण्यार रात्री फिरते आणि तिचा दंश झोपेत जाणवतोच असे नाही, म्हणून तंबूची चेन रात्री उघडी राहता कामा नये. दंश झालाच तर जखम कापू नये, आवळून बांधू नये, १०८ ला फोन करावा. फोनला रेंज कुठे येते हे उजेडातच पाहून ठेवावे, आणि रात्री उपचार मिळतील असे जवळचे रुग्णालय कोणते हे निघण्यापूर्वीच विचारून घ्यावे.

शेकोटी विझवताना तिच्यावर माती लोटू नये. मातीखालचे निखारे सकाळपर्यंत तापलेले राहतात आणि मुले अनवाणी त्याच राखेत खेळायला जातात. पाणी ओतून, ढवळून, पुन्हा पाणी ओतावे.

मेच्या अखेरीस आणि जूनच्या आरंभी काजवे पाहायला जाणाऱ्यांनी वरच्या यादीतले लोकरीचे कपडे कमी करावेत, गोधडी मात्र करू नये; तेव्हा लघवीच्या जोडीला वळवाचा पाऊसही असतो. टॉर्चला लाल जिलेटीन कागद लावावा, काजवे बाटलीत भरू देऊ नयेत.

झोपण्यापूर्वी प्रत्येक मुलाला, नको म्हणाले तरी, लघवीला नेऊन आणावे, आणि आपण झोपताना पुन्हा एकदा उठवून न्यावे. गोधडी पायथ्याशी आहे का, ते हात लावून पाहावे.

सकाळी आवराआवर घाईत होते. खुंट्या मोजाव्यात, कचरा परत न्यावा, मुलांना आधी खाऊ घालावे. घरी आल्यावर तंबू गॅलरीत पूर्ण वाळवल्याशिवाय घडी घालू नये, बुरशी धरते.