विचारमंडळामुळे आपले निर्णय सुधारले का, हे कसे तपासावे

लातूर, परभणी किंवा बीडमधल्या एखाद्या विवेकवादी अभ्यासमंडळात वर्षभर बसल्यावर वाद घालण्याची भाषा बहुधा सुधारते; निर्णय सुधारले का, हे मात्र लिहून ठेवल्याशिवाय कळत नाही. म्हणून जूनच्या आरंभी एक वही करावी आणि ‘पेरणीनंतर आठ दिवसांत पाऊस येईल, खात्री ८० टक्के’, ‘दिवाळीपूर्वी सोयाबीनचा भाव हमीभावाच्या वर जाईल, खात्री ३० टक्के’ अशी भाकिते तारखेसह नोंदवावीत. हवामानतज्ज्ञ ग्लेन ब्रायर यांनी १९५० मध्ये मांडलेली मोजणी येथे उपयोगी पडते: सांगितलेली खात्री (८० टक्के म्हणजे ०.८) आणि प्रत्यक्ष निकाल (घडले तर १, नाही तर ०) यांतील फरकाचा वर्ग करून सर्व नोंदींची सरासरी काढावी. ८० टक्के म्हटल्यावर पाऊस आला तर ०.०४, न आल्यास ०.६४; प्रत्येक वेळी नुसते ५० टक्के म्हणणाऱ्याचीही सरासरी ०.२५ येते, तेव्हा आपली त्याहून कमी हवी.

तुलना मंडळाबाहेरच्यांशी करू नये, कारण मंडळात मुळातच चिकित्सक माणसे येतात. ती आपल्याच मागच्या हंगामांशी करावी. मला याहून महत्त्वाची वाटते ती दुसरी नोंद: कोणत्या पुराव्यामुळे आपण मत बदलले. ते पान वर्षभर कोरेच राहिले, तर ते मंडळापुढे ठेवून चर्चेची पद्धत बदलण्याचा आग्रह धरावा.