टीव्ही म्यूट करा आणि दोन ओव्हर बोला

पालघरकडच्या टेनिस बॉल स्पर्धांत मी माइक धरतो. सीझनआधी घरी सराव करतो. आयपीएलची मॅच लावायची, आवाज बंद, मोबाइलवर रेकॉर्डिंग चालू. दोन ओव्हर बोलायचं, मग स्वतःचंच ऐकायचं. मी ऐकलं तेव्हा कानकोंडा झालो. वेस्ट इंडिजचा कृष्णवर्णीय आंद्रे रसेल 'राक्षस', 'वादळ', 'नुसती ताकद'. दुसऱ्या मॅचमधला न्यूझीलंडचा गोरा केन विल्यमसन मात्र 'डोक्याने खेळणारा'.

तुम्हीही करून बघा. वहीचं पान मधोमध दुमडा. डावीकडे अंगाचे शब्द, उजवीकडे डोक्याचे, पुढे खेळाडूचं नाव. २०२० मध्ये 'रनरिपीट' या कंपनीने इंग्लंडच्या व्यावसायिक फुटबॉलपटूंच्या संघटनेबरोबर ८० सामन्यांची इंग्रजी कॉमेंट्री मोजली होती. बुद्धीच्या कौतुकातलं ६२.६ टक्के उजळ कातडीच्या खेळाडूंच्या वाट्याला गेलं होतं.

'ताकद' हा शब्द टाकून द्यायचा नाही. रसेल ताकदवान आहेच की! पण ती ताकद बॉलपर्यंत पोचली कशी, ते सांगा: क्रीजमध्ये खोल उभा, पुढचा पाय बाजूला, हातांना मोकळी जागा. एवढं बघितलं की 'राक्षस' म्हणायला वेळच उरत नाही.

वेस्ट इंडिजच्या जुन्या बॉलरना तर 'निसर्गाची देणगी' म्हणून आपण मोकळे होतो. १९८४ च्या इंग्लंडमधल्या हेडिंग्ले कसोटीतला त्यांचा फास्ट बॉलर माल्कम मार्शल आठवा. डाव्या अंगठ्याचं हाड मोडलेलं, हाताला प्लास्टर. जोडीदार लॅरी गोम्सचं शतक व्हावं म्हणून एका हाताने बॅटिंग केली, वर चौकारही मारला. मग वेगाचा हट्ट सोडून स्विंगवर भर दिला आणि ५३ धावांत ७ विकेट घेतल्या. यात देणगी किती आणि विचार किती, हे ऐकणाऱ्याला कोण सांगणार?

शंका आली तर वाक्यातलं नाव बदला. कृष्णवर्णीय बॉलर रबाडाच्या जागी गोरा कमिन्स घाला. वाक्य विचित्र वाटलं तर खोडा.

आणि ब्रेकमध्ये सांभाळा. २००६ मध्ये कोलंबोत कॉमेंट्रेटर डीन जोन्स जाहिराती चालू आहेत असं समजून दक्षिण आफ्रिकेच्या दाढीवाल्या मुस्लिम हाशिम आमलाला 'दहशतवादी' म्हणाले. दक्षिण आफ्रिकेतल्या प्रेक्षकांनी ते ऐकलं. जोन्स यांनी माफी मागितली, पण काम गेलंच. म्हणून स्कोअररबरोबर चहा पिताना मी काय बोलतो, तेही हल्ली वहीत उतरवतो. त्या पानाची डावी बाजू जास्त भरते.