बंद ट्रकचा चिकटलेला क्लच सोडवताना या चुका टाळा

खंडेनवमीच्या पूजेसाठी आदल्या दिवशी ट्रक बाहेर काढायला जावं, दोन-चार सेल्फमध्ये इंजिन सुरूही व्हावं, आणि गिअर मात्र काही केल्या पडू नये. खर्रर्र आवाज करून लिव्हर हाताला झटका देतो. बेळगाव जिल्ह्यातल्या चिकोडी, निपाणी, संकेश्वरकडच्या ऊस वाहणाऱ्या जुन्या गाड्यांचं हे दरवर्षीचं दुखणं. मार्चच्या आसपास कारखान्याची शेवटची खेप टाकली की गाडी घरामागं नाहीतर बांधावरच्या चिंचेखाली लागते आणि पुढचा हंगाम सुरू होईपर्यंत सगळा पावसाळा तिच्यावरून जातो. खानापूरकडं तर विचारूच नका. कणकुंबी-जांबोटीच्या पावसात लोखंड चार महिने कोरडं राहतच नाही.

अशा गाड्यांखाली पाठीवर पडून मी बरीच वर्षं काम केलंय. गंजानं जेवढं नुकसान केलेलं असतं, त्याहून जास्त नुकसान क्लच सोडवायच्या घाईनं झालेलं मी पाहिलंय. ते बघून जीव हळहळतो, कारण बहुतेक वेळा एक दिवस थांबलं असतं तर गिअरबॉक्स उतरवायची वेळ आली नसती.

आधी हे का होतं ते बघू. इंजिन आणि गिअरबॉक्स जोडणारी क्लच प्लेट ही फ्लायव्हील (इंजिनच्या टोकाचं जड चाक) आणि तिला मागून दाबणारी प्रेशर प्लेट या दोन बिडाच्या तोंडांमध्ये दाबलेली असते. गाडी उभी असली तरी स्प्रिंगांचा दाब चालूच राहतो. प्लेटवरचं घर्षणाचं अस्तर, म्हणजे लायनिंग, ओल धरतं, बिडावर गंज चढतो आणि तो गंज लायनिंगच्या बारीक छिद्रांत शिरून दोघांना जखडून टाकतो. म्हणजे सगळ्यात पहिली चूक क्लच सोडवताना होत नाही, ती मार्चमध्येच झालेली असते. हंगाम संपला म्हणून चिखल आणि उसाचा चिकटा काढायला गाडी खालून जोरात पाणी मारून धुतात आणि तशीच ओली उभी करतात. क्लचभोवतीच्या कवचात, म्हणजे बेल हाऊसिंगमध्ये, शिरलेलं पाणी आतच राहतं. धुतल्यावर दहा-पंधरा किलोमीटर फिरवून, क्लच बऱ्याचदा दाबून-सोडून मग गाडी लावली असती, तर निम्मं काम वाचलं असतं.

न तपासता “प्लेट चिकटली” म्हणणं

गिअर पडत नाही म्हणजे प्लेटच चिकटली असं नाही. इंजिन बंद ठेवून एकाला पेडल दाबायला बसवा आणि तुम्ही खाली शिरून रिलीज फोर्कची, म्हणजे पेडल दाबल्यावर क्लच सोडवणाऱ्या काट्याची, चाल बघा. हायड्रॉलिक (ऑइलच्या दाबावर चालणारा) क्लच असेल आणि फोर्क ढकलणाऱ्या स्लेव्ह सिलिंडरचा रॉड नुसता हलल्यासारखा करत असेल, तर दोष ऑइलचा, आत शिरलेल्या हवेचा किंवा कडक झालेल्या रबरांचा आहे. रबर किट बदला, एअर काढा. तिथं डॉट 3 किंवा डॉट 4 जे लिहिलं असेल तेच ब्रेक ऑइल घाला. घरात उरलेलं इंजिन ऑइल ओतलं तर रबरं फुगून पेडलजवळचा मास्टर आणि खालचा स्लेव्ह, दोन्ही सिलिंडर जाम होतात.

पेडलच दगडासारखं घट्ट असेल तर त्यावर उभं राहून जोर करू नका. फोर्क फिरवणाऱ्या क्रॉस शाफ्टची बुशं नाहीतर रिलीज बेअरिंगची बाही गंजलेली असते. जोर केला की फोर्क वाकतो किंवा मोडतो. बाहेरून दिसणाऱ्या बुशांना गंज सोडवणारं तेल आणि ग्रीस द्या, तासभर थांबा, मग हळूहळू हलवा.

फोर्क पूर्ण चालतोय, तरी गिअर खरखरतोय, तर सपाट जागेवर इंजिन बंदच ठेवून गाडी दुसऱ्या गिअरमध्ये टाका, हँडब्रेक सोडा (हवेचे ब्रेक असतील तर आधी न्यूट्रलमध्ये इंजिन चालवून टाकीत हवा भरून घ्या, नाहीतर चाकंच सुटणार नाहीत), पेडल दाबून ठेवा आणि चार-पाच जणांनी ढकलून बघा. जागची हलली नाही तर प्लेट धरलेली आहे. सहज हलली, तर संशय फ्लायव्हीलमधल्या, गिअरबॉक्सच्या शाफ्टचं टोक धरणाऱ्या पायलट बेअरिंगवर किंवा शाफ्टच्या दातांवर गंज चढून अडकणाऱ्या हबवर (प्लेटच्या मधल्या भागावर) घ्यावा. तिथं पुढच्या युक्त्या उपयोगाच्या नाहीत, गिअरबॉक्स उतरवावाच लागतो.

खिडकीतून तेल मारणं

बेल हाऊसिंगच्या झाकणातून डिझेल किंवा गंज सोडवणारा स्प्रे मारायचा मोह सगळ्यांनाच होतो. गंज सुटेलही, पण लायनिंग तेल पिऊन बसतं. मग भरलेली गाडी चढाला लागली की इंजिन ओरडतं आणि गाडी जागेवरच. तेल प्यालेलं लायनिंग पुसून कोरडं होत नाही, प्लेट बदलावीच लागते. त्याच खिडकीतून छिन्नी घालून ठोकणंही तितकंच वाईट. एका बाजूनं छिन्नी लागली की प्लेट वाकते आणि क्लच कायमचा थरथरतो.

साखळी बांधून ओढणं

ही चूक मला सगळ्यात जास्त सलते. एका वर्षी खानापूरकडच्या एका गावात मी पोचलो तेव्हा ट्रॅक्टर पुढं लावून, ट्रकला साखळी बांधून मंडळी तयार होती. मी म्हटलं, “अण्णा, आधी साखळी सोडा.” ते म्हणाले, “अरे बाळा, उद्या पूजा हाय की!” त्यांची घाई खरी होती. पण इंजिन बंद असलं की ब्रेकच्या टाकीत हवा भरत नाही. ब्रेक लागणारच नाहीत, नाहीतर स्प्रिंग ब्रेक (हवा नसली की स्प्रिंगनं लागूनच राहणारे) असतील तर चाकं सुटणारच नाहीत. ओढताना क्लच सुटला तर मागचा ट्रक थेट ट्रॅक्टरवर जातो. नाही सुटला तर झटका हबच्या स्प्रिंगांवर, रिव्हेटांवर, नाहीतर मागच्या एक्सलमधल्या क्राऊन-पिनियन गिअरवर बसतो. दुसऱ्या एका गाडीत अशाच ओढाओढीनंतर अर्धं लायनिंग रिव्हेटांवरून सुटून आत तुकडे-तुकडे होऊन पडलेलं मी माझ्या हातानं काढलंय.

त्या दिवशी आम्ही साखळी सोडली. गाडी न्यूट्रलमध्ये ठेवून पाऊण तास इंजिन चालवलं, म्हणजे क्रँकमधून फ्लायव्हीलला ऊब पोचते आणि ब्रेकच्या टाकीत हवाही भरते. मग इंजिन बंद करून पेडल पूर्ण दाबलं आणि पेडल व सीटच्या पायामध्ये बाभळीच्या लाकडाचा ठोकळा पाचरीसारखा बसवला. रात्रभर तसंच ठेवलं. पहाटे मालकांचा मुलगा धावत आला, गाडीखाली “टक्” असा आवाज झाला म्हणून. आत दुसरं काही नव्हतं, प्लेट सुटली होती. तापलेलं बीड रात्री थंड होताना आकसतं आणि त्यात गंजाची पकड निघते.

एका रात्रीत सुटलं नाही तर दुसऱ्या दिवशी तेच परत करा. दोन-तीन वेळा करूनही नाही सुटलं, तरच गिअरमध्ये सुरू करण्याचा उपाय. तोही मोकळ्या, सपाट, घट्ट मैदानात. चिकोडी-गोकाकच्या काळ्या रानात पावसानंतर नको, चाकं रुततात. त्याआधी इंजिन बंद करायची स्टॉपरची केबल नीट ओढली जातेय ना, हे नक्की बघा. क्लचही चिकटलेला आणि केबलही गंजलेली, तर गाडी थांबवायची कशी? हवा भरलेली, ब्रेक लागतोय याची खात्री केलेली, बॅटरी पूर्ण चार्ज केलेली आणि समोर चिटपाखरूही नाही, एवढं झालं की दुसऱ्या गिअरमध्ये, क्लच दाबून सेल्फ मारा. गाडी लगेच चालू लागते, हे ड्रायव्हरला आधी सांगून ठेवा. क्लच दाबलेलाच ठेवून ॲक्सिलेटर द्या, एकदम सोडा, परत द्या. मध्येच ब्रेकचा हलका दाब द्या. आठ-दहा झटक्यांत सुटला नाही तर थांबा. त्यापुढं क्लचसोबत बाकीचंही तुटतं.

गिअरबॉक्स उतरवायचीच वेळ आली तर तो ट्रॉली जॅकवर घ्या. परत बसवताना इनपुट शाफ्टवर त्याचं वजन लोंबकळू दिलं की नवी प्लेटही वाकते. फ्लायव्हीलवर प्लेटच्या आकाराचा तपकिरी ठसा उमटलेला दिसेल, तो पॉलिश पेपरनं घासून काढा. बोटाला खड्डे लागले तर लेथवर तोंड मारून, म्हणजे सपाट करून घ्या. शाफ्टच्या दातांना ग्रीस अगदी पुसट लावा, जास्तीचं फिरून लायनिंगवर उडतं. आणि आतली धूळ कंप्रेसरच्या हवेनं उडवू नका. जुन्या लायनिंगमध्ये ॲस्बेस्टॉस असायचं, ती धूळ फुप्फुसात जाते. ओल्या फडक्यानं पुसा, तोंडाला मास्क लावा, जवळच्या पोरांना लांब पाठवा.

पुढच्या पावसाळ्यात गाडी शेडमध्ये, नसेल तर फरशीवर किंवा मुरुमावर लावा, गवतावर नको. दर पंधरा दिवसांनी इंजिन चालू करा, गरम होऊ द्या, क्लच वीस-पंचवीस वेळा दाबा, आणि जागा असेल तर चार हात पुढं-मागं घ्या.