पासवर्ड विचारायला वीस सेकंद

"काका, सर्व्हर आत घेईना." सूतगिरणीच्या हिशेब खात्यातल्या मुलाचा असा फोन आला की मी आधी उलटं विचारतो : घेईना म्हणजे नेमकं काय? लगेच हाकलतोय, की दारात ताटकळत ठेवतोय? दोन्हीची औषधं वेगळी आहेत.

इचलकरंजीच्या आसपासच्या पाच-सहा ठिकाणांचे सर्व्हर मी सांभाळतो. बहुतेक लिनक्स, एके ठिकाणी आयबीएमचं जुनं एआयएक्स. निम्मी दुरुस्ती फोनवरच होते, म्हणून इथेही आज्ञा फोनवर सांगतो तशाच लिहितोय. डॅश म्हणजे आडवी रेघ, डॉट म्हणजे टिंब. तुम्ही टंकताना अर्थातच रोमन अक्षरांत टंका.

त्या दिवशीचं उत्तर होतं, "ताटकळत ठेवतोय. युजरनेम घेतो, मग काहीच नाही. चहा प्यायला जाऊन आलो तर पासवर्ड विचारत होता."

अशा वेळी पहिली चाचणी साधी. सर्व्हरच्या नावाऐवजी त्याचा आयपी पत्ता, म्हणजे आकडा, देऊन एसएसएच (दूरच्या मशीनवर लॉगिन करायची आज्ञा) करायचं. आकड्याने झटकन आत गेलात, तर गोम तुमच्याच मशीनच्या नाव शोधण्यात आहे. आकड्यानेही तेवढंच रखडलं, तर बहुधा सर्व्हर तुमचं नाव शोधत बसलाय. हा दुसरा प्रकार अनेकांच्या डोक्यातच येत नाही. आपण सर्व्हरला शोधतो हे ठाऊक असतं. तोही आपल्याला शोधतो, हे नसतं.

ही सवय जुनी आहे. १९८३ च्या ४.२ बीएसडी या युनिक्समध्ये आरलॉगिन (एसएसएचचा पूर्वज) आलं तेव्हा कोणत्या मशीनवरून येणाऱ्याला पासवर्डाशिवाय आत घ्यायचं, याची नावं डॉट-आरहोस्ट्स फाइलमध्ये लिहिलेली असत. जोडणीबरोबर येतो तो मात्र नुसता आकडा. मग आकड्यावरून नाव काढायचं, आणि ते खरं का हे बघायला नावावरून पुन्हा आकडा काढायचा, कारण उलट नोंदीत, म्हणजे आकड्यावरून नाव सांगणाऱ्या नोंदीत, नोंदवणारा कुणाचंही नाव लिहू शकतो. १९९५ मध्ये फिनलंडमध्ये टाटू यलोनेन यांनी एसएसएच लिहिलं, आरलॉगिन मागे पडलं, पण ही चौकशी टिकून राहिली. ओपनएसएसएच या एसएसएचच्या मुक्त आवृत्तीने ती मूळ मांडणीत बंद केली ती मार्च २०१५ मध्ये, ६.८ आवृत्तीत. सूतगिरणीतलं मशीन सेंटओएस ६ (एक लिनक्स), त्यात ओपनएसएसएच ५.३. म्हणजे चौकशी चालू. (हो, ते बदलायला हवं. नोव्हेंबर २०२० पासून त्याला सुधारणा येत नाहीत. दर दिवाळीला मी सांगतो, दर दिवाळीला पुढच्या वर्षी बघू असं ठरतं.)

आता सेकंद मोजा. भिंतीवरचं घड्याळ चालेल. मुलाला मोजायला लावलं तर वीस आले, पुन्हा मोजले तरी वीस. हा आकडा बोलका आहे. नाव शोधणारी लायब्ररी प्रत्येक डीएनएस सर्व्हरसाठी (नाव-आकड्यांची वही सांभाळणारं मशीन) ५ सेकंद थांबते आणि सगळी फेरी दोनदा मारते. यादीत दोन सर्व्हर असतील आणि दोन्ही गप्प असतील, तर ५ गुणिले २ गुणिले २. एकच गप्प सर्व्हर असेल तर साधारण दहा. पहिला गप्प आणि दुसरा जिवंत असेल तर प्रत्येक प्रश्नाला पाच. कधी दोन-दोन प्रश्न विचारले जातात, मग आकडा वाढतो, पण यादीत एक-दोनच सर्व्हर असतील तर पाचाच्या पाढ्यात राहतो. सात किंवा तेरा आले तर मी डीएनएस सोडून दुसरीकडे बघायला लागतो.

एक गैरसमज इथेच काढून टाकतो. "आमच्या आतल्या पत्त्यांची उलट नोंद केलेली नाही, म्हणून लॉगिन हळू होतं" असं हमखास सांगितलं जातं. नोंद नसेल तर डीएनएस सर्व्हर "असं नाव नाही" म्हणून क्षणात मोकळा होतो. वेळ जातो तो उत्तरच न आल्यावर. पत्ता बदललेला सर्व्हर, तुटलेला व्हीपीएन, नाहीतर पोर्ट ५३ ची पाकिटं न सांगता गिळणारं फायरवॉल.

नक्की कुठे रखडतंय हे बघायला एसएसएच डॅश व्ही. ओळी सरकताना शेवटची कोणती यावर डोळा ठेवा. "कनेक्टिंग टू" ही ओळ यायच्या आधीच थांबलं, तर तुमचं मशीन नाव शोधतंय. "कनेक्शन एस्टॅब्लिश्ड" आलं आणि पलीकडची आवृत्ती दिसेना, तर टीसीपी रॅपरवर, म्हणजे कुणाला आत घ्यायचं ते दारातच ठरवणाऱ्या पहारेकऱ्यावर, संशय. किल्ल्यांची देवाणघेवाण झाली, "सर्व्हिस अ‍ॅक्सेप्ट" आलं आणि मग शांतता, तर ती उलटी चौकशी. पण तिथेच जीएसएसएपीआयही, म्हणजे कर्बेरॉसची ओळखपद्धत, वेळ खाते. म्हणून डॅश ओ देऊन जीएसएसएपीआयऑथेंटिकेशन नो करून एकदा बघा. पासवर्ड दिल्यानंतर रखडत असेल तर हा लेख तुमच्या फारसा कामाचा नाही. होम डिरेक्टरी एनएफएसवर, म्हणजे नेटवर्कपलीकडच्या डिस्कवर, आहे का ते बघा.

आमचं तिसऱ्या जागी रखडत होतं. आता सर्व्हरवर जायचं, आणि आत गेल्यावर ते सत्र बंद करायचं नाही. दुरुस्ती चुकली तर परत शिरायला तेवढंच दार उरतं.

आत गेल्यावर टाइम गेटएंट होस्ट्स आणि पुढे ज्या मशीनवरून आलो त्याचा आकडा. डिग किंवा एनएसलुकअप नको, निदान सुरुवातीला तरी नको. ती दोन्ही थेट डीएनएसला विचारतात; होस्ट्स फाइल आणि एनएसस्विच डॉट कॉन्फ (नाव कुठे, कोणत्या क्रमाने शोधायचं ते सांगणारी फाइल) यांना विचारतच नाहीत. लॉगिनची प्रक्रिया मात्र या दोन फायलींच्या वाटेने जाते. "डिग तर बरोबर दाखवतंय" या वाक्यावर माझ्या आयुष्यातल्या कितीतरी दुपारी गेल्यात. गेटएंट लॉगिनच्याच वाटेने जातं, म्हणून त्याचं उत्तर धरायचं. डिगची पाळी नंतर, यादीतला एकेक डीएनएस सर्व्हर जिवंत आहे का हे तपासताना : डिग, अ‍ॅट, सर्व्हरचा आकडा, आणि कुठलंही नाव.

पाकिटं बघायची तर टीसीपीडंप डॅश एन पोर्ट ५३. ते डॅश एन विसरू नका. नाहीतर टीसीपीडंप स्वतःच दिसेल त्या आकड्याचं नाव शोधायला निघतं आणि तुम्ही त्याचेच प्रश्न मोजत बसता. नेटस्टॅट आणि आयपीटेबल्सच्या यादीचंही तसंच. मुलाने वाचून दाखवलं : प्रश्न जातोय, प्रश्न जातोय, उत्तर नाही. मुख्य कार्यालयाने आदल्या आठवड्यात डीएनएसची दोन्ही मशीनं बदलली होती आणि आम्हाला कुणी कळवलं नव्हतं.

दुरुस्ती म्हणजे इटीसीतल्या रिझॉल्व्ह डॉट कॉन्फमध्ये नवे आकडे. नेमसर्व्हरच्या ओळी तीनच चालतात, चौथीकडे कुणी बघत नाही. पण ही फाइल कोण लिहितं ते आधी पाहा. सेंटओएसवर डीएचसीपी (आपोआप पत्ते वाटणारी सोय) किंवा नेटवर्कमॅनेजर ती पुन्हा जुनी करून ठेवू शकतं. तिथे इंटरफेसच्या आयएफसीएफजी फाइलमध्ये डीएनएस१, डीएनएस२ लिहायचं. नव्या उबुंटूवर ती नुसती लिंक असते आणि आत १२७.०.०.५३ दिसतं, खरे सर्व्हर रिझॉल्व्हसीटीएल स्टेटस सांगतं. आणखी एक : जुन्या ग्लिबसीमध्ये (नाव शोधणारी लायब्ररी ती हीच) चालू असलेले प्रोग्राम ही फाइल पुन्हा वाचत नाहीत, ती सोय २०१७ च्या २.२६ मध्ये आली. एसएसएचडी, म्हणजे सर्व्हरवरचा एसएसएच, प्रत्येक जोडणीला नव्याने सुरू होतं म्हणून लॉगिन लगेच सुधारतं, पण डेटाबेससारखे सतत चालणारे प्रोग्राम जुन्याच पत्त्यावर हाका मारत राहतात. त्यांना रीस्टार्ट करा.

डीएनएस आपल्या हातात नसेल तर एसएसएचडी अंडरस्कोर कॉन्फिगमध्ये यूजडीएनएस नो. मग एसएसएचडी डॅश टी ने फाइल तपासा, तो काही बोलला नाही तरच रीलोड. हे करण्याआधी ऑथराइज्ड अंडरस्कोर कीजमध्ये (पासवर्डाऐवजी चालणाऱ्या किल्ल्यांची फाइल) फ्रॉमपुढे मशीनची नावं लिहिलेली आहेत का ते शोधा. चौकशी बंद केली की तिथे फक्त आकडे चालतात, नावावर बेतलेल्या किल्ल्या मुकाट नाकारल्या जातात. ६.८ च्या पुढच्या आवृत्तीवर जाताना एका ठिकाणी मी हे विसरलो होतो. रात्रीचे सगळे बॅकअप बंद, आणि मी दोन दिवस किल्ल्याच बदलत होतो.

ताटकळत न ठेवता लगेच हाकलत असेल तर टीसीपी रॅपरची होस्ट्स डॉट डिनाय फाइल उघडा. तिथे पॅरानॉइड असा शब्द असेल तर ज्याचं नाव आणि आकडा जुळत नाही त्याला पासवर्ड न विचारताच बाहेर काढलं जातं. होस्ट्स डॉट अलाऊमध्ये आपला आकडा लिहा. ती फाइल आधी वाचली जाते. ओपनएसएसएचने ६.७ मध्ये रॅपरचा आधार काढला, पण डेबियनने तो आपल्याकडे ठेवलाय, त्यामुळे नवं मशीन म्हणून निश्चिंत राहू नका.

तुमच्याच मशीनची गोम असेल तर निरोप नीट वाचा. "नेम ऑर सर्व्हिस नॉट नोन" म्हणजे नाव सापडलं नाही : टंकायला चुकलात, किंवा रिझॉल्व्ह डॉट कॉन्फमधली, अर्ध्या नावाला शेपूट जोडणारी सर्चची ओळ गेली. "टेम्पररी फेल्युअर" म्हणजे विचारायलाच कुणी भेटलं नाही. नावाच्या शेवटी डॉट लोकल असेल आणि एनएसस्विचमध्ये एमडीएनएस (आतल्या नेटवर्कमध्येच हाक मारून नाव शोधणारी पद्धत) डीएनएसच्या आधी असेल, तर प्रश्न बहुधा डीएनएसपर्यंत पोचतच नाही. आणि दरवेळी नेमके पाचच सेकंद जात असतील तर आयपीव्ही४ आणि आयपीव्ही६ चे जोडप्रश्न बघा. काही फायरवॉल त्यातलं दुसरं उत्तर टाकून देतात. रिझॉल्व्ह डॉट कॉन्फमध्ये ऑप्शन्स सिंगल-रिक्वेस्ट-रीओपन लिहिलं की सुटतं.

एआयएक्सवाल्यांनी एनएसस्विच शोधत बसू नये. तिथे शोधण्याचा क्रम नेटएसव्हीसी डॉट कॉन्फमध्ये असतो.

सव्वाअकराला मुलाचा पुन्हा फोन. "काका, लगेच विचारायलाय पासवर्ड." म्हटलं, रात्रीच्या बॅकअपचा लॉग उघड. ती स्क्रिप्ट पंधरा सेकंदांत लॉगिन झालं नाही तर सोडून देते. थोडा वेळ फोनवर नुसता चरख्यांचा आवाज, मग तो म्हणाला, "मंगळवारपासून एकबी नाही झालेला."